बोटे वाचवायची तर पक्कड घ्या



हंगाम तोंडावर आला की टायरगाड्यांच्या फळ्या ठोकायची घाई उडते आणि कुणा गाडीवानाचे बोट चेचतेच. "चालायचंच," म्हणून आपण हसतो. पण ठेचल्या बोटाने कोयता धरवत नाही, अन् खाडा पडला की मजुरी बुडते.

कुणी म्हणेल, पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीचे कारागीर दागिन्यांचे डाय कोरताना छिन्नी बोटांतच धरतात ना? धरतात. नक्षीला बोटांचा अंदाज लागतो, शिवाय छिन्नी लांब असते. आपला खिळा पडला २ इंची! त्याला कसली आलीय नक्षी? तो पकडीच्या चोचीत उभा धरा, हलके दोन ठोके द्या, रुतला की पक्कड काढा, मग जोर लावा. पक्कड नसेल तर जाड पुठ्ठ्याच्या टोकाला खिळा खोचा. कपड्याचा चिमटा, जुनी फणीसुद्धा चालते. साधा हातमोजा मात्र फसवा, हातोडीचा घाव तो अडवत नाही.

गाडीतळावर कारखान्याची हातोडी आहे, तिच्याशेजारी पक्कड का नसावी? संचालक मंडळाने यंदाच ती द्यावी. अन् साखळीने बांधावी, नाहीतर आठ दिवसांत ती कुणाच्या तरी घरी जायची!