बेंचमार्क काचेवरही हवा

लोणार पाहिलं नाही असा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी अमरावती-अकोल्यात शोधूनच काढावा लागेल. पण ते विवर उल्काघाताचं आहे याचा पक्का पुरावा काठावर उभं राहून दिसत नाही. तो दगडाच्या 0.03 मिमी जाडीच्या कापात, मायक्रोस्कोपखाली दिसतो. विवराच्या तळातून ड्रिल करून काढलेल्या नमुन्यांत फेल्डस्पारची काच झालेली सापडली. तिचं नाव मॅस्केलिनाइट. 1973 साली 'सायन्स' नियतकालिकात हे छापून आलं. क्रॉस्ड पोलरॉइडमध्ये स्टेज कितीही फिरवा, तो कण काळाच राहतो.

पण तो कण दुसऱ्याला दाखवायचा कसा? 40 एक्स ऑब्जेक्टिव्ह आणि 18 फील्ड नंबरचा आयपीस असेल तर एका वेळी जेमतेम 0.45 मिमी व्यासाचा भाग दिसतो. म्हणजे 22 मिमीच्या चौकोनी कव्हरस्लिपखाली अशी सुमारे 3000 फील्डं! स्लाइड हलली की "सर, आत्ता तर इथंच होता" सुरू. स्केचपेनचा ठिपका द्यावा, तर तोच फील्डपेक्षा मोठा, आणि स्पिरिटच्या बोळ्यानं गायब.

स्टेजवरचा व्हर्निअर 0.1 मिमीपर्यंत वाचता येतो. तरी आपण तो वाचत नाही, काऊन? वाचलं तरी शेजारच्या मायक्रोस्कोपवर तेच आकडे चालत नाहीत, कारण प्रत्येकाचा शून्य वेगळा. त्यासाठी इंग्लंड फाइंडर नावाची 1 मिमी चौकटींची, अक्षर-आकडे कोरलेली काच मिळते. ती घ्याच असं माझं म्हणणं नाही. सिव्हिलवाल्यांनो, बेंचमार्कशिवाय तुम्ही लेव्हलिंग करता का? डायमंड पेन्सिलनं स्लाइडच्या दोन टोकांना दोन बारीक फुल्या मारा. दोन्हींचं आणि कणाचं रीडिंग लिहा, लेबल कोणत्या बाजूला होतं तेही लिहा. दोन फुल्या अशासाठी, की स्लाइड जरा तिरकी बसली तर किती तिरकी ते कळतं. पुढचं गणित मॅथ्सच्या अक्षांतरातलं, दोन ओळींचं.

हे सगळं कशाला, असं कोणी म्हणेल. जर्नलमधली आकृती मागच्या बॅचच्या जर्नलवरून उतरवली की प्रत्यक्ष पाहून काढली, हे आज कोणालाच सांगता येत नाही. आकृतीखाली रीडिंग सक्तीचं करा. प्रॅक्टिकलला परीक्षकांनी कोणतीही एक स्लाइड उचलावी, दुसऱ्या मायक्रोस्कोपवर ठेवावी आणि विद्यार्थ्याला त्याच्याच आकड्यांवरून तो कण काढायला सांगावं. पाच मिनिटं पुरे.