मोर्णेची सफाई व नाल्यांचा प्रश्न

इ. स. २०१८ च्या जानेवारींत अकोल्याचे नागरिक मोठ्या संख्येनें मोर्णेच्या पात्रांत उतरले व जलपर्णी उपसूं लागले. पंतप्रधानांनीं आकाशवाणीवरून त्यांचें कौतुक केलें, तें यथायोग्यच होतें. परंतु ही वनस्पति पोसते कशावर? शहराच्या सांडपाण्यांतील नत्र व स्फुरद हेंच तिचें अन्न. नाले नदींत मोकळे असतील तोंवर उपसलेली जलपर्णी पुनः पात्र झांकणार, हें सांगावयास ज्योतिषी नको.

पटकी पाण्यांतून पसरते हें लंडनांत डॉ. स्नो यांनीं १८५४ सालींच दाखविलें होतें. तरी १८५८ सालीं थेम्सची दुर्गंधी पार्लमेंटाच्या सभासदांच्या नाकाशीं येईपर्यंत बॅझलजेट यांच्या गटारांस पैसा मिळाला नाहीं! आमच्या कारभाऱ्यांचीं नाकें त्याहून तिखट असावींत, एवढीच आमची अपेक्षा.

वऱ्हाडांत ही हयगय अधिक घातक होय. पूर्णेचें खोरें म्हणजे खारपाणपट्टा. तेथील विहिरी मचूळ, आणि अकोल्यास गोडें पाणी महानच्या काटेपूर्णा जलाशयांतून आणावें लागतें. अशा मुलखांत नदीचें गटार करून तें पूर्णेंत सोडणें म्हणजे खालच्या गांवांच्या तोंडचें पाणी पळविणें आहे.

महानगरपालिकेनें प्रत्येक नाल्याचें मुख व तें अडविण्याची मुदत दरवर्षीं प्रसिद्ध करावी, आणि करदात्यांनीं ती यादी हातीं घेऊन कांठावर जावें. गाडगेबाबा याच मुलखांतले. त्यांच्या नांवानें अभियानें निघालीं. बाबा मात्र दिवसा खराट्यानें गांव झाडीत, आणि कीर्तनास रात्रीं उभे राहत.