तुमचं कार्ड ‘वीक’ कुणी ठरवलं?

खरं सांगा, बारामती-इंदापूर एसटीच्या मागच्या सीटवर क्रिकेटची ट्रम्प कार्डं खेळलात की नाही? निम्मी निम्मी कार्डं वाटून घ्यायची, वरचं कार्ड धरायचं आणि ओरडायचं, ‘रन्स!’ ज्याचा आकडा मोठा, त्याला समोरच्याचं कार्ड. सचिन आला की चेहरा खुलायचा, एखादं ‘वीक’ कार्ड आलं की तोंड वाकडं.

आता तेच कार्ड जरा मोठं होऊन वाचू. राहुल द्रविड, वन-डे, निवृत्तीपर्यंतचे आकडे : सामने ३४४, धावा १०,८८९, विकेट्स फक्त ४, झेल १९६. समोर सचिन : सामने ४६३, धावा १८,४२६, विकेट्स १५४, झेल १४०. नवखा पोरगा द्रविड हातात आल्यावर ‘रन्स’ म्हणतो आणि कार्ड घालवतो. ‘विकेट्स’ म्हटलं तर विषयच संपला! मुरलेला गडी मात्र शांतपणे म्हणतो, ‘कॅचेस’ आणि थेट सचिनच उचलतो. कार्ड तेच, आकडे तेच. फरक फक्त रकान्याचा.

पण यात दोन गोची आहेत. पहिली, रकाना पुकारतो तो, ज्याची पाळी असते. सचिन ज्याच्या हातात आहे, तो ‘रन्स’च म्हणणार ना! दुसरी गोची मोठी. काही गोष्टींना रकानाच नसतो. कसोटीत द्रविड ३१,२५८ चेंडू खेळला. इतके चेंडू जगात दुसरा कुणीही खेळलेला नाही. ‘किती चेंडू तग धरला’ हा रकाना तुम्ही कधी कार्डावर पाहिलाय? मी तरी नाही.

आता आपल्याकडे बघा. दहावीचे टक्के, सीजीपीए, पॅकेज, एमपीएससीचा कितवा अटेम्प्ट. लग्नाचा बायोडाटा तर सरळसरळ ट्रम्प कार्डच : उंची, पगार, बागायत किती एकर, पुण्यात फ्लॅट आहे का. हे आकडे खोटे नसतात आणि कटऑफला नावं ठेवून तो खाली येत नाही. परीक्षेला बसलात तर तिचा रकाना खेळावाच लागतो, त्यात पळवाट नको.

पण अभ्यासिकेतला तो मित्र आठवा. पहाटे उसाला पाणी देऊन सातला टेबलावर हजर. ज्युनिअरना गणित तोच समजावतो. यंदा प्रीलिम थोडक्यात हुकली, तर गावच्या जत्रेला जायचंच टाळतो. कारण तिथं भेटेल तो एकच रकाना पुकारतो, ‘काय रे, निकालाचं काय झालं?’ दारं धरायला, गणित शिकवायला, पुन्हा उभं राहायला त्याच्या कार्डावर जागाच नाही. आणि वाईट म्हणजे हळूहळू तोही स्वतःला ‘वीक’ समजायला लागतो.

माझं म्हणणं एवढंच, की कुणाला वीक म्हणण्याआधी रकाने कुणी छापलेत ते विचारा. स्वतःचं कार्ड वाचताना सगळे रकाने वाचा, हरणारेसुद्धा. विकेट्स ४ आहेत हे द्रविडनं लपवून काय मिळणार होतं? आणि यंदाच्या जत्रेत तो मित्र भेटला, तर निकाल विचारू नका. ‘काय चाललंय तुझं?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. पाळी त्याची आहे, रकाना त्याला पुकारू द्या.