पोस्टकार्डावरचा प्रश्न

डॉ. जयंत नारळीकर यांच्या व्याख्यानानंतर मुले स्वाक्षरीसाठी वह्या पुढे करीत. त्यावर त्यांचे सांगणे असे : मनातला एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, उत्तर मिळेल आणि त्याखाली स्वाक्षरीही. या व्यवहारात पुण्याच्या पेठेतील मूल आणि शिरूर-दौंडचे मूल यांची पत सारखीच होती. भांडवल एकच लागे, स्वतःचा प्रश्न.

२० मे २०२५ रोजी नारळीकर निवर्तले. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्यासह गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडणाऱ्या या शास्त्रज्ञाने विज्ञान मातृभाषेत आणण्याचे काम कमी प्रतीचे मानले नाही. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठविली. नावाच्या वजनाने पारडे झुकू नये, ही त्यामागची दक्षता.

पुणे विद्यापीठाच्या आवारात १९८८ मध्ये त्यांनी उभारलेल्या 'आयुका' या संस्थेत शालेय मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्याने सुरू झाली. तेथील मुक्तांगण विज्ञान शोधिकेची वास्तू पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या देणगीतून उभी राहिली. तिचे नाव 'पुलस्त्य'. सप्तर्षींतील एका ताऱ्याचे, आणि त्यातच 'पुल'ही आले. साहित्यातून आलेले धन विज्ञानाच्या अंगणात असे रुजले. अरविंद गुप्ता यांनी तेथे अनेक वर्षे आगपेट्या, रिकाम्या बाटल्या, सायकलच्या नळ्या यांतून वैज्ञानिक खेळणी घडविली. महागड्या उपकरणांवाचून प्रयोग होत नाही, ही समजूत त्यांनी मोडून काढली.

हीच काटकसर जुन्नर तालुक्यातील खोडद येथे भव्य रूपात दिसते. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. भरीव पत्र्याऐवजी पोलादी तारांची जाळी वापरल्याने वाऱ्याचा दाब, वजन आणि खर्च तिन्ही घटले. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त तेथे प्रदर्शन भरते. ग्रामीण शाळांतील मुले आपापले प्रयोग मांडतात आणि शास्त्रज्ञांशी थेट बोलतात.

द्वार उघडे असले, तरी उंबरठ्यापर्यंत पोहोचण्याची सोय सर्वांना सारखी नसते. दौंडहून पुण्याला रेल्वे आहे, शिरूरहून एसटी. पण चाळीस मुलांचे भाडे, सोबतीला शिक्षक आणि शनिवारचा पूर्ण दिवस हा हिशेब लहान शाळेला जड जातो. कित्येक घरांत मुलाला पाठविले जाते, मुलीला मात्र 'पुढच्या वर्षी पाहू' असे सांगितले जाते. ते पुढचे वर्ष पुष्कळदा येतच नाही.

विक्रम साराभाई हे अहमदाबादच्या जैन गिरणीमालकांच्या घरातले. अंतराळ संशोधनाचा पाया घालतानाच त्यांनी सामान्य मुलांसाठी सामुदायिक विज्ञान केंद्रही उभारले. व्यापारी कुळाला हा वारसा परका नाही. गावातील शाळेसाठी वर्षातून एक बस, तीत निम्म्या जागा मुलींना, आणि दुकानात काम करणाऱ्या नोकरांच्या मुलांनाही स्थान, एवढे कोणत्याही बाजारपेठेला पेलण्याजोगे आहे. ज्ञानदानाच्या खात्यात ही रक्कम लहान दिसेल; तिचे व्याज मात्र पिढ्यान्‌पिढ्या मिळत राहील.