वीकएन्ड वर्कशॉप : फट मिटवा, बॉस!

शुक्रवारी रात्री डेडलाइन उरकायची आणि शनिवारी सकाळी सीएसएमटीहून कर्जत लोकल पकडायची, हे माझं गेल्या वर्षभराचं रुटीन. कर्जतला गरमागरम वडा, मग खोपोलीची गाडी. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी... खोपोलीहून रिक्षा, की आलं खालापूरकडचं आमचं गाव. मित्रांना वाटतं, पठ्ठ्यानं रिसॉर्ट शोधलाय. छे! मी तिकडे जातो लाकूड कापायला.

झालं असं, की गावचं घर पाडलं आणि आजी आमच्या टू बीएचकेत राहायला आली. तिची एकच अट : देव उघड्यावर बसणार नाहीत. घरातलं जुनं सागवानी कपाट मोडलं, त्यातली एकच फळी धड निघाली. तिचाच देव्हारा करायचा. म्हणजे चूक झाली तर दुसरी फळी नाही. टेन्शन!

गावातल्या मिस्त्रीकाकांकडे टेबल सॉ आहे. आधी ट्रायल म्हणून प्लायवूडचा तुकडा आडवा कापला. वरून एकदम चकाचक. उलटा केला, तर खालच्या कडेला छिलकेच छिलके. म्हटलं, काका, पातं बोथट झालंय. काका हसले. ‘‘पातं धारेचंच हाय रे. फट बघ की.’’

पातं टेबलाच्या ज्या झाकणातून वर येतं, त्याला म्हणतात इन्सर्ट. त्यातली फट बोटभर रुंद होती आणि 10 इंची पात्याचा काप जेमतेम 3 मिलिमीटरचा. आता फंडा समजून घ्या. आपल्या बाजूनं पात्याचे दाते वरून खाली उतरतात. लाकडाच्या तळाशी पोचतात, तेव्हा तिथल्या रेषांना खालून आधार असेल तर त्या कापल्या जातात. नसेल तर फाटतात. कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात ना, बोरघाट चढायला? तसाच हा मामला. ऐन जोर लागतो तिथे आधार हवा.

आणि मामला फक्त सुबकपणाचा नाही. मागच्याच महिन्यात मी बारीक पट्टी कापताना तिचं टोक याच फटीत अडकलं आणि पट्टी सणकन माझ्या कानाजवळून गेली. पात्याच्या सरळ रेषेत उभा असतो तर? चूक माझीच होती. अडकण्यासारखी फट दिसत होती, तरी मी मशीन चालू केलं.

यावर उपाय म्हणजे पात्याइतक्याच फटीचा इन्सर्ट. पण पातं बदललं किंवा फट झिजली की तो बाद. म्हणून आम्ही केला पुन्हा पुन्हा वापरता येणारा. कृती सोपी आहे.

मशीनचा प्लग काढा. जुना इन्सर्ट 6 मिलिमीटरच्या प्लायवर ठेवून दोन तुकडे आखा आणि कापा. वरच्या तुकड्यात 40 मिलिमीटर रुंद लांबट खिडकी काढा, खालच्यात 20 मिलिमीटरची आणि लांबीलाही थोडी कमी. दोन्ही फेव्हिकॉलनं चिकटवा. आता खिडकीत आतून चौफेर कठडा तयार होतो. त्यावर 6 मिलिमीटर एमडीएफची पट्टी घट्ट बसवा, दोन टोकांना दोन स्क्रू, डोकी पृष्ठभागाच्या आत. स्क्रू पात्याच्या रेषेत येता कामा नयेत. पूर्ण इन्सर्ट टेबलाच्या लेव्हलला हवा. स्टीलची पट्टी फिरवून बघा. खोलगट बसला, तर खालून बारीक स्क्रू लावून उचला.

मग पातं पूर्ण खाली घ्या आणि हातानं फिरवून बघा. दाते पट्टीला लागत असतील तर मशीन चालू करू नका. आधी लहान व्यासाचं पातं लावा. इन्सर्टवर, पात्याच्या रेषेच्या बाजूला, एक फळी आडवी नाही तर लांबीत दाबून टेबलाला क्लॅम्प करा. हातानं दाबायचं नाही म्हणजे नाही! मशीन चालू करून पातं अगदी हळू वर घ्या. ते स्वतःची फट स्वतःच कापून घेतं. त्यासाठी पात्यामागची दुभाजक पट्टी काढली असेल, तर मागे तेवढी फट वाढवून ती परत लावा. आळस नको.

फट रुंदावली की दोन स्क्रू काढा, पट्टी बदला. इन्सर्ट तोच. प्रत्येक पात्यासाठी वेगळी पट्टी ठेवा आणि तिच्यावर पेन्सिलीनं पात्याचं नाव लिहा. हा इन्सर्ट सरळ कापासाठी. तिरप्या कापासाठी वेगळा करायचा.

नवीन पट्टी लावून प्लाय पुन्हा कापलं. खालची कड वरच्यासारखीच! मग सागाची फळी घेतली. काकांनी शांतपणे विचारलं, ‘‘लावू का हात?’’ म्हटलं, नको, मीच कापतो. चार काप, एकही छिलका नाही.

आजीनं देव्हाऱ्याच्या कडेवरून बोट फिरवलं. कौतुक वगैरे काही नाही. म्हणाली, ‘‘कपाटाचा वास अजून येतोय हो.’’

बस्स. रविवारची शेवटची लोकल वसूल!