जावेद आबिदी आणि आमच्या तीन पायऱ्या

४ मार्च २०१८ रोजी जावेद आबिदी दिल्लीत निवर्तले तेव्हा ते अवघे बावन्न वर्षांचे होते. त्यानंतरच्या आठवड्यात जे श्रद्धांजलीपर लेखन माझ्या वाचनात आले, त्याचा सूर बहुतांशी ठरावीक होता: जिद्द, प्रेरणा, अपंगत्वावर मात. मला तो सूर तेव्हाही खटकला आणि आजही खटकतो. आबिदींचा झगडा स्वतःच्या शरीराशी कधीच नव्हता. तो शासनाशी होता, म्हणजे स्पष्टच सांगायचे तर माझ्यासारख्या अधिकाऱ्यांशी. ज्याने आयुष्यभर आपल्याविरुद्ध दावा चालवला, त्याला मरणोत्तर प्रेरणास्थान ठरवून त्याच्या तसबिरीला हार घालणे ही प्रतिवादीची सोय आहे. दावा मात्र प्रलंबितच राहतो.

(शब्दाविषयी एक खुलासा. शासकीय पत्रव्यवहारात आता ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ आहे आणि कार्यालयात मीही तोच लिहितो. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी तो सुचवला तेव्हा अपंग हक्क चळवळीतील अनेकांनी त्यास आक्षेप घेतला होता. तो आक्षेप मला मान्य आहे, म्हणून या लेखात जुना शब्द ठेवला आहे.)

आबिदींचा जन्म १९६५ चा, अलीगढचा. पाठीच्या कण्यातील जन्मजात दोष, वेळेवर न झालेले उपचार, आणि किशोरवयापासून चाकाची खुर्ची. पत्रकारितेचे शिक्षण त्यांनी अमेरिकेत, ओहायो राज्यातील राइट स्टेट विद्यापीठात घेतले. अपंग विद्यार्थ्यांना कोणाच्या आधाराविना वावरता यावे अशा रचनेसाठी ते विद्यापीठ ख्यातनाम आहे. १९८९ साली ते भारतात परतले, आणि जो तरुण तिथे वर्गातून ग्रंथालयात आपला आपण जात होता तो इथे पहिल्याच पायरीपाशी अडला. माणूस तोच, खुर्ची तीच, बदलली ती केवळ इमारत. इतर सर्व घटक स्थिर ठेवून एकच घटक बदलावा आणि परिणाम पाहावा, असे आम्हांला अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवीत. त्याचे इतके स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकातही मला आढळले नव्हते.

१९९३ मध्ये ते राजीव गांधी फाउंडेशनच्या अपंगविषयक कामाचे प्रमुख झाले, आणि त्याच सुमारास त्यांनी सहकाऱ्यांसह ‘डिसॅबिलिटी राइट्स ग्रुप’ उभा केला. १९ डिसेंबर १९९५ रोजी दिल्लीत अपंग नागरिक रस्त्यावर उतरले आणि तीन दिवसांत संसदेने अपंग व्यक्ती (समान संधी, हक्कांचे संरक्षण व पूर्ण सहभाग) विधेयक मंजूर केले. ७ फेब्रुवारी १९९६ पासून तो कायदा अमलात आला.

आता त्या कायद्यातील एका शब्दसमूहाकडे वाचकांचे लक्ष वेधतो. कलम ४४ ते ४६ मध्ये वाहतूक, रस्ते व इमारती सुगम करण्याचे कर्तव्य सांगितले आहे, पण प्रत्येक ठिकाणी त्याला एक पुस्ती जोडली आहे: ‘आर्थिक क्षमतेच्या व विकासाच्या मर्यादेत’. मसुदा लिहिणाऱ्यांनी ती कदाचित सद्हेतूने घातली असेल. आम्हां अधिकाऱ्यांच्या हाती मात्र ती गुरुकिल्लीच लागली, कोणतेही दार बंद करणारी.

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. १९९९ साली, सेवेत नवखा असताना, एका कार्यालयाच्या प्रवेशद्वारी रॅम्प बांधावा अशी मागणी माझ्याकडे आली. मागणी करणारे एक निवृत्त गृहस्थ होते. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला यावे लागे आणि दारातल्या तीन पायऱ्यांपाशी त्यांची खुर्ची थांबे. मी नस्तीवर टिप्पणी लिहिली. कायद्यातील तो शब्दसमूह त्यात जसाच्या तसा उतरवला आणि पुढे जोडले की, ‘सदर कार्यालयात चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या अभ्यागतांची संख्या नगण्य असल्याने खर्च समर्थनीय वाटत नाही.’ वरिष्ठांनी भाषेची प्रशंसा केली. त्याच आर्थिक वर्षात त्याच पायऱ्यांना पॉलिश केलेला ग्रॅनाइट बसवण्यात आला. त्या खर्चाला आर्थिक क्षमतेची आठवण कोणी करून दिली नाही, मीही नाही. ते गृहस्थ पुढे दाखला बाहेर रिक्षात बसूनच देत. आमचा एक शिपाई कागद घेऊन खाली जाई. ही आम्ही केलेली मेहेरबानी समजली जात असे.

माझ्या त्या युक्तिवादातला दोष अर्थशास्त्राच्या पदवीधराला दिसू नये ही शरमेची गोष्ट होती. ज्या गावाला एस.टी. जातच नाही, त्या गावाचे तिकिटाचे उत्पन्न शून्य दाखवून फेरी नाकारावी, तसला तो प्रकार. अभ्यागत नगण्य होते कारण पायऱ्या होत्या. आणि खर्चाचे म्हणाल तर नकाशातच काढलेला उतार हा एकूण बांधकामात जेमतेम जाणवतो. महाग पडते ते नंतर फोडणे व पुन्हा बांधणे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने अडथळामुक्त बांधकामाची मार्गदर्शक तत्त्वे १९९८ मध्येच प्रसिद्ध केली होती, म्हणजे माझ्या टिप्पणीच्या एक वर्ष आधी. मी ती वाचली नव्हती.

आबिदींनी नेमकी हीच पुस्ती न्यायालयात नेली. इंडियन एअरलाइन्सविरुद्धच्या त्यांच्या याचिकेत कंपनीने आर्थिक स्थितीचे कारण पुढे केले होते. डिसेंबर १९९८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ८० टक्के वा अधिक चलनविषयक अपंगत्व असणाऱ्यांना, अंधांना मिळते तशी भाडेसवलत देण्याचा आदेश दिला. पण सवलतीहून मला महत्त्वाचा वाटतो तो याचिकेतला दुसरा विषय: विमानात चढायची अरुंद खुर्ची आणि यांत्रिक उचलणी. तोवर प्रवाशाला सामानासारखे उचलून नेत असत. उचलून नेणे ही मदत आहे असे उचलणाऱ्याला वाटते, हीच या विषयातली खरी अडचण आहे.

जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग दिल्लीला आले तेव्हा कुतुबमिनारसारख्या वास्तूंत लाकडी रॅम्प हां हां म्हणता उभे राहिले. त्यामागेही आबिदींचा पाठपुरावा होता. जगद्विख्यात पाहुणा आला की तांत्रिक अडचणी, पुरातत्त्वीय आक्षेप, निधीची चणचण सारे विरघळते. दर्यागंजातल्या एखाद्या अपंग मुलाने कुतुबमिनार पाहायचा म्हटला की ते पुन्हा गोठते. त्याच वर्षीच्या जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्न समाविष्ट व्हावा म्हणून त्यांनी मोहीम चालवली आणि २ कोटी १९ लाख हा आकडा देशासमोर आला. आकडा तोकडा होता हे सर्वांना ठाऊक आहे. पण ज्याची मोजदाद नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात शीर्षही उघडत नाही, हे त्यांनी अचूक हेरले होते. एप्रिल २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या लोकसभा निवडणुकीसाठी मतदान केंद्रांवर लाकडी रॅम्प लावण्याचे निर्देश दिले, तेही याच गटाच्या प्रयत्नांतून.

२०१६ चा नवा कायदा आला आणि ती पुस्ती गेली. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यास नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांची मुदत देण्यात आली. नियम जून २०१७ चे. मुदत जून २०२२ मध्ये संपली. तोवर आम्ही नवी पळवाट शोधलीच होती. नियम १५ मध्ये मानके दिली होती, पण ती ‘मार्गदर्शक’ असल्याचे मानून चाललो. अखेर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रातुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान मानके बंधनकारक करण्यासाठी तीन महिने दिले. हे पाहायला आबिदी नव्हते. असते तर त्यांनी निकालाच्या दुसऱ्या दिवशीच उरलेले दिवस मोजायला घेतले असते, अशी माझी समजूत आहे.

बंगळुराविषयी न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. एन. एस. हेमा यांनी १९५९ मध्ये याच शहरात ‘असोसिएशन ऑफ पीपल विथ डिसॅबिलिटी’ स्थापन केली. २०११ पासून धावणाऱ्या मेट्रोच्या स्थानकांत लिफ्ट आहेत. पण स्थानकाबाहेर पडताच पदपथावर दुचाकी चढू नयेत म्हणून रोवलेले खांब येतात, ज्यांतून खुर्ची जात नाही. दुचाकी मात्र जाते. लिफ्ट आणि पदपथ या पूरक वस्तू आहेत. एक नसेल तर दुसरीवरचा खर्च पाण्यात.

आणि आपण मराठी माणसे? कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ आपल्यापैकी कित्येकांनी वाचले. त्या केंद्रीय अबकारी खात्यात नोकरीला होत्या, माझ्यासारख्याच केंद्र शासनाच्या सेवक. पुस्तक वाचून आपले डोळे पाणावले, ते आपण भेट म्हणूनही दिले, आणि आपल्या समारंभांची सभागृहे पूर्वीसारखीच निवडत राहिलो. येथील एका मराठी संस्थेचा गणेशोत्सव पहिल्या मजल्यावर होतो, लिफ्ट नाही. कित्येक वर्षे चार तरुण कार्यकर्ते एका वृद्ध सभासदांना खुर्चीसकट उचलून वर नेत आणि सभागृह टाळ्या वाजवी. मीही वाजवल्या आहेत. गेल्या वर्षी ते आले नाहीत. मी घरी भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, “साहेब, टाळ्या कसल्या वाजवता? मी आरतीला येत होतो.”

सध्या माझ्यापुढे एक प्रस्ताव आहे. आमच्या एका कार्यालयासाठी भाड्याने इमारत घ्यायची आहे. भाडे वाजवी, जागा मध्यवर्ती, दारात तीन पायऱ्या आणि मालकाचे आश्वासन की रॅम्पचे ‘पुढे पाहू’. हाताखालच्या अधिकाऱ्याने टिप्पणी उत्तम लिहिली आहे. अभ्यागतांची संख्या नगण्य असल्याचा उल्लेखही त्यात आहे. मी त्याला काही बोललो नाही. नस्तीवर एवढेच लिहिले की, रॅम्प पूर्ण झाल्याचे व त्याचा उतार मोजल्याचे प्रमाणपत्र सोबत जोडून प्रस्ताव फेरसादर करावा. मालकाचा दोनदा फोन येऊन गेला आहे.