विश्रांतीच्या तक्त्यावर खोटी सही करू नका!

जहाजावर नोकरी करणाऱ्या बंधू-भगिनींनो, आणि रत्नागिरीपासून मडगावपर्यंत त्यांच्या फोनची वाट पाहणाऱ्या घरच्या माणसांनो,

मी अनेक वर्षं डेकवर काम केलं. त्यातला एक दिवस विसरता येत नाही. पहाटे दोनला पायलट चढला, चारपर्यंत दोरखंड बांधून झाले, उजाडताच माल उतरवायला सुरुवात. रात्री आठला बूट काढले तेव्हा बोटं वळत नव्हती. अठरा तास भरले होते. दुसऱ्या दिवशी सहीसाठी तक्ता आला. त्यात विश्रांती लिहिली होती दहा तास. मी मुकाट्याने सही केली. त्या सहीची आजही लाज वाटते, म्हणून हे आवाहन.

नियम आपल्या बाजूने आहेत. २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्यानुसार २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी. ती फार तर दोन भागांत, आणि त्यातला एक भाग सलग ६ तासांचा. जहाज किंवा माणसं संकटात असली तर कप्तान कधीही कामाला बोलावू शकतो. पण बुडालेली विश्रांती नंतर भरून द्यावीच लागते. आठ तासांपुढच्या कामाला मूळ वेतनाच्या किमान सव्वापट दर असावा, असं करारातली मार्गदर्शक सूचना सांगते.

झोप मोडली की काय होतं? एप्रिल २०१० मध्ये ‘शेन नेंग १’ हे कोळशाचं जहाज ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर चढलं. वॉचवरच्या अधिकाऱ्याला आधीच्या साडेअडतीस तासांत जेमतेम अडीच तास झोप मिळाली होती.

खोट्या तक्त्याने दोन्हीकडून नुकसान होतं. झोप तर जातेच, आणि जादा तास कागदावर नसले की जादा पैसे कशाच्या आधारावर मागणार? उद्या अपघात झाला, तर तीच सही आपल्या विरुद्ध उभी राहील.

म्हणून हात जोडून सांगतो:

खरे तास रोजच्या रोज स्वतःच्या वहीत लिहा. तक्ता वाचल्याशिवाय सही करू नका. सही झालेल्या तक्त्याची प्रत मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. दाद लागत नसेल तर जहाजावरच तक्रार नोंदवा, तेवढ्यावर भागलं नाही तर बंदरातल्या तपासनिसांना किंवा मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाला कळवा. तक्रार केली म्हणून त्रास देणं करारानेच निषिद्ध आहे.

घरच्यांनो, पगार जमा झाला का, हे जरूर विचारा. पण त्याआधी विचारा, “काल किती तास झोपलास?” उत्तर तारखेसह लिहून ठेवा. आणि तो खरं लिहायला धजत असेल, तर नोकरीच्या भीतीने त्याला मागे ओढू नका.